गावच्या व्हॉलंटियर फायर डिपार्टमेंटसाठी ग्रँट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत लहान गावात घर घेतलेल्या मराठी माणसाकडे ही विनंती कधी ना कधी येतेच: “तुम्ही एक्सेलवाले. आमच्या फायर डिपार्टमेंटच्या ग्रँटचा फॉर्म जरा बघता का?” मग तुम्ही कमिन्समुळे पुण्याहून इंडियानात कोलंबसला आलेले इंजिनिअर असा, खेड्यातल्या हॉस्पिटलात लागलेले डॉक्टर असा, की घरून काम करता येतं म्हणून शहर सोडलेले आयटीवाले. शहराची हद्द संपली की आग विझवायला येणारे लोक बहुधा शेजारीपाजारीच असतात, आणि त्यांच्यात फॉर्म भरायची हौस कोणालाच नसते. मी आमच्या गावच्या दलाचं कागदपत्रांचं काम बघतो, आगीत शिरत नाही. रकमा आणि मुदती दरवर्षी थोड्याफार बदलतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची अधिकृत सूचना वाचाच.

अमेरिकेसारख्या देशात फायर ब्रिगेड सरकारी नसते?

मोठ्या शहरांत असते, पगारी असते. बाकी देशाचा कारभार व्हॉलंटियरवर चालतो. अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या एनएफपीए या संस्थेच्या मोजणीनुसार २०२० साली देशात साधारण १० लाख ४१ हजार फायरफायटर होते आणि त्यातले ६ लाख ७७ हजारांच्या आसपास, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश, बिनपगारी होते. १९८४ मध्ये बिनपगारींचा आकडा ८ लाख ९७ हजारांच्या घरात होता. लोकसंख्या वाढत गेली, बिनपगारी आग विझवणारे कमी होत गेले.

प्रथा जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात १७३६ साली काढलेली युनियन फायर कंपनी याच पद्धतीची होती. पेनसिल्व्हेनियात आजही दलाला ‘फायर कंपनी’ म्हणतात. त्यावरून हा खाजगी धंदा आहे असा नव्या माणसाचा गैरसमज होतो.

आमचं दल नेमकं कोणाचं आहे, हे कसं कळणार?

ट्रेझररला विचारा. हा प्रश्न वाटतो तितका फुटकळ नाही, कारण फॉर्मच्या पहिल्याच पानावर तो येतो. काही दलं टाउन किंवा टाउनशिपच्या, म्हणजे स्थानिक सरकारच्या, कारभाराचा भाग असतात. काही ठिकाणी फायर डिस्ट्रिक्ट असतो, त्याला घरपट्टीतून स्वतःचा वाटा मिळतो. आणि बरीच दलं म्हणजे नोंदणी केलेल्या ना-नफा संस्था असतात, ज्यांचा टाउनशी कागदावर फक्त करार असतो. इमारत एकाच्या नावावर, गाडी दुसऱ्याच्या, आणि बँक खातं तिसऱ्याच्या, असंही आढळतं. ग्रँट ज्याच्या नावाने मागायची त्याचाच कर क्रमांक आणि त्याचंच खातं लागतं. हा घोळ अर्जाची खिडकी उघडण्याआधी निस्तरा.

पॅनकेक ब्रेकफास्ट आणि चिकन बार्बेक्यूवर भागत नाही का?

पूर्वी भागायचं. बिंगो, फिश फ्राय, चौकात बूट पुढे करून त्यात देणग्या गोळा करणं, यातून डिझेल आणि विजेचं बिल सुटतं. पण एका माणसाच्या टर्नआउट गिअरला, म्हणजे कोट, पँट, बूट, हेल्मेट, हातमोजे या सगळ्याला काही हजार डॉलर पडतात. श्वासासाठी पाठीवर घ्यायचा एअर पॅक त्याहून महाग. नवा पंपर, म्हणजे आग विझवायची गाडी, आज दहा लाख डॉलरच्या आसपास जातो आणि ऑर्डर दिल्यावर काही वर्षं थांबावं लागतं. इतके पॅनकेक कोण खाणार?

तरी हे कार्यक्रम बंद करू नका. पदरचा हिस्सा त्यातूनच उभा राहतो, आणि गाव दलाच्या पाठीशी आहे हे दाखवायला अर्जात त्यांचे हिशेब कामाला येतात.

मुख्य ग्रँट कोणती?

‘असिस्टन्स टू फायरफायटर्स ग्रँट’, बोलीभाषेत एएफजी. २००० साली काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून ती सुरू केली. पैसा केंद्राचा, वाटप फेमा या केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेकडे. जुलै २०२४ मध्ये सही झालेल्या कायद्याने तिला २०२८ पर्यंत मुदतवाढ दिली. त्या कायद्यात वर्षाला ७५ कोटी डॉलरपर्यंतची मुभा आहे, पण मुभा वेगळी आणि प्रत्यक्ष तरतूद वेगळी. २०२४ च्या आर्थिक वर्षात तरतूद झाली ३२ कोटी ४० लाखांची, आदल्या वर्षीच्या ३६ कोटींपेक्षा कमी. त्यातलेही दहा टक्के आग प्रतिबंधाच्या वेगळ्या ग्रँटसाठी बाजूला निघतात.

लहान दलांना दिलासा असा की यातला किमान २५ टक्के पैसा पूर्ण व्हॉलंटियर दलांसाठी राखलेला असतो. म्हणजे न्यूयॉर्क किंवा शिकागोशी थेट कुस्ती नाही. मात्र आपल्यासारखीच हजारो गावं रांगेत असतात.

खिडकी साधारण वर्षातून एकदा, महिनाभराच्या आसपास उघडते. कधी उघडेल याचा नेम नाही. २०२४ च्या फेरीत ती नोव्हेंबरात उघडली आणि २० डिसेंबरला बंद झाली, ऐन सुट्ट्यांच्या तोंडावर. निकाल पुढे महिनोन्‌महिने हप्त्याहप्त्याने येत राहतात.

पदरचे किती घालावे लागतात?

ज्या भागाला दल सेवा देतं तिथली लोकसंख्या २०,००० किंवा त्याहून कमी असेल तर मिळालेल्या रकमेच्या ५ टक्के. त्यापुढे दहा लाखांपर्यंत १० टक्के, आणि त्याहून मोठ्या शहरांना १५. म्हणजे १ लाख ५ हजार डॉलरचं काम असेल तर केंद्राचे १ लाख आणि आपले ५ हजार. हा हिस्सा रोख लागतो. ‘आमची माणसं फुकट राबतात, तेच धरा’ असं इथे चालत नाही. गाव खरोखरच खंक असेल तर सवलत मागता येते, पण तिचे निकष कडक आहेत.

सुरुवात कुठून करायची?

सॅमपासून. सॅम डॉट गव्ह ही केंद्र सरकारशी पैशाचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाची नोंदवही. तिथे दलाची नोंद करायची, यूईआय नावाचा क्रमांक मिळवायचा आणि दर वर्षी नूतनीकरण करायचं. एप्रिल २०२२ च्या आधी डन्स नंबर लागायचा. तो आता लागत नाही, तरी जुन्या फाइलीतून तोच काढून पुढे करणारे चीफ भेटतात.

अर्ज फेमा गो या संकेतस्थळावर भरतात आणि सॅमची नोंद चालू नसेल तर तो पुढे सरकत नाही. दलाचं कायदेशीर नाव करखात्याच्या कागदावर एक, सॅमवर दुसरं, एवढ्या फरकावरून नोंद आठवडेच्या आठवडे अडकते. ‘व्हॉलंटियर फायर कंपनी नंबर १’ आणि ‘व्हॉलंटियर फायर कं.’ ही दोन नावं माणसाला एक वाटतात, यंत्रणेला नाही.

आणि एक सावधगिरी. नोंद झाली रे झाली की सरकारी वाटणारे ईमेल यायला लागतात: तुमची नोंदणी संपत आली आहे, नूतनीकरणासाठी इतके इतके डॉलर भरा. सॅमची नोंदणी आणि नूतनीकरण पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारा खाजगी दलाल असतो, किंवा सरळ ठक. ट्रेझरर वयस्कर असतील तर त्यांना हे दोनदा सांगा.

काय मागावं? चीफना नवी गाडी हवी आहे.

चीफना गाडी हवीच असते. गावच्या चौथ्या जुलैच्या मिरवणुकीत गाडी दिसते, हातमोजे दिसत नाहीत.

पण एएफजीच्या एकूण पैशातून गाड्यांवर जास्तीत जास्त २५ टक्केच खर्च करता येतात. एक गाडी म्हणजे मोठी रक्कम, म्हणून देशभरात मोजक्याच दलांना ती मिळते. गिअर, एअर पॅक, प्रशिक्षण, होज (पाण्याचे पाइप) यांचे अर्ज लहान असतात आणि माणसाच्या जिवाशी थेट जोडलेले असतात. माझा सल्ला नेहमी तोच: पहिल्या अर्जात जुनं झालेलं संरक्षक सामान मागा. गाडी नंतर, आणि तीही मोडकळीला आली असेल तरच.

जुनं म्हणजे किती जुनं, याला ठरलेली मोजपट्टी आहे. एनएफपीएच्या मानकाप्रमाणे टर्नआउट गिअर बनवल्याच्या तारखेपासून दहा वर्षांनी बाद होतो, वापरला असो वा नसो. कोटाच्या आत अस्तराला शिवलेली पट्टी असते, तिच्यावर महिना-वर्ष छापलेलं असतं. एखाद्या संध्याकाळी फायर स्टेशनात जा, प्रत्येक कोट उलटा करून ती तारीख लिहून घ्या. काही पट्ट्या धुऊन धुऊन कोऱ्या झालेल्या सापडतील, त्याही ‘तारीख वाचता येत नाही’ म्हणून नोंदवा. एअर पॅकच्या कार्बन सिलिंडरचं आयुष्य १५ वर्षं आणि दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी. तारखा सिलिंडरच्या अंगावरच असतात. एअर पॅक माणशी धरत नाहीत, गाडीतल्या दर सीटला एक असे धरतात. बावीस सभासद आहेत म्हणून बावीस पॅक मागितले की वाचणाऱ्याला लगेच कळतं, सूचना कोणी वाचलेली नाही.

कमी ग्लॅमरच्या आणखी दोन मागण्या सुचवतो: गिअर धुण्याचं मोठं यंत्र आणि गाड्यांचा धूर स्टेशनाबाहेर काढणारी नळी-पंख्याची व्यवस्था. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये आग विझवण्याचा व्यवसायच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकला. काजळीने माखलेला कोट पिकअपच्या मागच्या सीटवर टाकून घरी नेणं, तिथेच मुलाची कार सीट असणं, हे लहान दलांत सर्रास चालतं. हे एवढंच वाक्य अर्जात लिहिलं तरी वाचणाऱ्या फायरफायटरच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं.

अर्ज वाचतं कोण?

आधी संगणक. ठरावीक प्रश्नांची तुम्ही दिलेली उत्तरं त्या वर्षीच्या प्राधान्यक्रमाशी पडताळून गुण देतो. त्या चाळणीतून जे वर राहतात ते देशातल्या इतर दलांतल्या फायरफायटरांच्या छोट्या गटाकडे जातात. हे लोक स्वतः स्टेशनात झोपलेले, होज ओढलेले असतात. त्यांना होज म्हणजे काय हे समजावू नका, आणि अतिशयोक्ती तर मुळीच करू नका.

मग लिहायचं काय? माझं इंग्रजी चांगलं आहे, पण हे वेगळंच दिसतं.

इंग्रजी चांगलं असणं इथे थोडं आडच येतं. आपल्याला निबंधाची सवय. ‘आमचं दल १९४८ पासून अखंड निष्ठेने या निसर्गरम्य खोऱ्याची सेवा करत आहे’ अशी सुरुवात हात आपोआप करतो. वाचणाऱ्यासमोर असे अर्ज थप्पीने पडलेले असतात आणि प्रत्येक दल कधी ना कधीपासून निष्ठेने सेवा करतच असतं.

त्याऐवजी समजा असं लिहिलं: ‘आमचे सक्रिय सभासद २२. गिअरचे सेट १९. त्यातल्या १४ ची दहा वर्षं उलटली आहेत, ३ ची तारीख वाचता येत नाही. मागच्या वर्षी दोन सभासदांना आतल्या आगीत जाण्यापासून चीफनी अडवलं, कारण त्यांच्या मापाचा चालू गिअर नव्हता. वार्षिक उत्पन्न ६१,००० डॉलर, त्यात विमा, डिझेल आणि इमारतीचं कर्ज मिळून ५२,००० जातात. उरलेल्या नऊ हजारांत वर्षाला फार तर दोन सेट येतात, तेवढ्यात आणखी तीन बाद होतात.’ आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमचे खरे घाला. या परिच्छेदात स्तुतीचं एकही विशेषण नाही आणि गरज कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

निवेदनाचे ढोबळ भाग असे: पैशाची गरज, नेमकं काय घेणार आणि किती खर्च, त्याचा सुरक्षिततेला फायदा, आणि रोजच्या कामात काय फरक पडेल. यातल्या गरजेच्या भागात लोक सर्वांत जास्त चुकतात. ‘आम्ही गरीब आहोत’ असं लिहून थांबतात. उत्पन्न किती, खर्च किती, शिल्लक किती, कर वाढवायचा प्रयत्न केला होता का, मतदारांनी तो फेटाळला का, कारखाना बंद पडून करपात्र मालमत्ता कमी झाली का, हे सगळं लिहा. बँकेत राखीव रक्कम असेल तर ती लपवू नका, कशासाठी ठेवली आहे ते सांगा. छताच्या दुरुस्तीसाठी साठवलेले पैसे म्हणजे श्रीमंती नव्हे, पण कारण न देता दाखवले की तसं वाटतं.

किमतीसाठी दोन-तीन दुकानदारांची कोटेशन आधीच मागवा. अंदाजाने लिहिलेली गोल रक्कम लगेच ओळखू येते.

कॉलच्या नोंदी नीट नाहीत. चालेल?

नाही चालणार. बहुतेक अर्ज इथेच पांगळे होतात. वर्षाला किती कॉल, त्यात इमारतीच्या आगी किती, गवताच्या किती, अपघात किती, शेजारच्या दलाला मदत किती, हे फॉर्ममध्ये तीन-तीन वर्षांचं भरावं लागतं. चीफ म्हणतात “असतील शंभरेक”, आणि नोंदवहीत निघतात एकोणसत्तर. बाकीचे खरोखर झालेले असतात, फक्त रात्री तीनला परत आल्यावर कोणी लिहिलेलं नसतं.

राष्ट्रीय पातळीवर या नोंदी अनेक दशकं एनफिर्स नावाच्या यंत्रणेत जात. तिची जागा आता नेरिस घेते आहे. तुमचं दल नव्या यंत्रणेत दाखल झालंय का, हे राज्याच्या फायर मार्शल कार्यालयाकडे विचारा. तुम्ही दलाला देऊ शकाल अशी खरी मदत इथे आहे. अर्जाचा मजकूर काही आठवड्यांत लिहून होतो, पण कोणीतरी दर सोमवारी आठवड्याचे कॉल भरत नसेल तर त्या मजकुराला आधार मिळत नाही. मला विचाराल तर ग्रँट त्या सोमवारीच मिळते किंवा हुकते.

पैसे घेऊन अर्ज लिहून देणारे लोक असतात. त्यांना द्यावा का?

चांगले लोकही आहेत. पण ‘ग्रँट मिळाली तरच इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तसं शुल्क ग्रँटच्या पैशातून देता येत नाही, आणि बाहेरच्या माणसाने अर्ज लिहिला असेल तर ते अर्जात सांगावं लागतं. सामान विकणारा दुकानदार “मी फुकट लिहून देतो” म्हणाला तर त्याहून जास्त सावध राहा. पुढे खरेदी त्याच्याकडूनच करायची हे त्याने मनात ठरवलेलं असतं, आणि केंद्राच्या खरेदी नियमांत ते बसत नाही.

एएफजी सोडून आणखी काय आहे?

बरंच आहे. लहान दलांनी खरं तर इथूनच सुरुवात करावी.

व्हॉलंटियर फायर असिस्टन्स, म्हणजे व्हीएफए. पैसा अमेरिकन वन सेवेचा, वाटप राज्याच्या वन खात्यामार्फत. १०,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावांसाठी. रक्कम छोटी, राज्यानुसार बहुधा काही हजार डॉलर, आणि निम्मा वाटा आपला. पण फॉर्म आटोपशीर असतो. वणव्यासाठी लागणारे पिवळे शर्ट, पाठीवरचे पंप, हलके पंप, रेडिओ, घडीची टाकी असं सामान यातून येतं.

वन सेवेमार्फतच लष्कराचं जुनं सामान मिळतं. यात दोन योजना आहेत आणि फरक महत्त्वाचा आहे. एकीत मालकी केंद्राकडेच राहते, गाडी आपल्याला वापरायला मिळते. दुसरीत, म्हणजे फायरफायटर प्रॉपर्टी प्रोग्रॅममध्ये, ठरलेल्या मुदतीत गाडी सेवेत आणली की मालकी आपली होते. लष्करी ट्रकवर टाकी बसवून केलेले ब्रश ट्रक खेडोपाडी दिसतात ते इथले. ट्रक फुकट, पण टायर आणि सुटे भाग नव्हेत. गावात कसलेला मेकॅनिक नसेल तर मोह आवरा.

इमारत बांधायची किंवा गाडी घ्यायची असेल तर कृषी खात्याची कम्युनिटी फॅसिलिटीज योजना बघा. २०,००० पर्यंतच्या ग्रामीण वस्तीला ४० वर्षांपर्यंतच्या मुदतीचं कर्ज आणि सोबत काही ग्रँट. गाव जितकं लहान आणि गरीब तितका ग्रँटचा वाटा मोठा, सर्वांत खालच्या गटात ७५ टक्क्यांपर्यंत. त्यांची स्थानिक कार्यालयं असतात, तिथे जाऊन माणसाशी बोलता येतं. केंद्राच्या कारभारात ही चैनच म्हणायची.

राज्यांचं आपापलं वेगळं. पेनसिल्व्हेनियात स्टेट फायर कमिशनरच्या कार्यालयाची वार्षिक ग्रँट आहे, शिवाय राज्याबाहेरच्या विमा कंपन्यांच्या आग विम्यावर २ टक्के कर लागतो, तो व्हॉलंटियरांच्या रिलीफ असोसिएशनांकडे जातो. टेक्ससमध्ये २००१ च्या कायद्याने विमा कंपन्यांकडून पैसा गोळा करून ग्रामीण दलांना देतात, काम टेक्सस ए अँड एम फॉरेस्ट सर्व्हिस बघते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या उत्तरेकडच्या पॅनहँडल भागात स्मोकहाउस क्रीकचा वणवा पेटला आणि दहा लाख एकरांहून जास्त जमीन जळाली. तिथे पहिले पोचलेले बहुतेक अशाच दलांचे लोक होते.

खाजगीत फायरहाउस सब्ज या सँडविचवाल्यांचं फाउंडेशन तिमाहीला अर्ज घेतं. ६०० अर्ज आले की त्या तिमाहीची खिडकी बंद, म्हणून पहिल्या दिवशीच भरा. अभिनेता डेनिस लिअरीनेही फाउंडेशन काढलंय. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या कोल्ड स्टोरेजच्या आगीत सहा फायरफायटर गेले, त्यात त्याचा चुलतभाऊ आणि शाळेतला मित्र होता. गावची वीज सहकारी संस्था आणि रेल्वे कंपनी यांनाही विचारा. सगळ्यांत सोपा पैसा कधी कधी तिथेच असतो.

सामान आलं, पण माणसंच नाहीत. त्याला ग्रँट आहे?

आहे, सेफर नावाची. तिचा मोठा भाग पगारी भरतीकडे जातो, पण व्हॉलंटियर मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी वेगळा विभाग आहे. त्यात पदरचा हिस्सा लागत नाही. प्रशिक्षणाचा खर्च, वैद्यकीय तपासणी, नव्या माणसाचा गिअर, कॉलेजची फी, सेवेच्या वर्षांवर मिळणारं छोटं निवृत्तिवेतन, भरतीचं काम बघणारा माणूस, हे सगळं बसतं.

याबद्दल मी फारसा आशावादी नाही. पेनसिल्व्हेनियात १९७० च्या दशकात तीन लाखांच्या आसपास व्हॉलंटियर होते असं मानतात. २०१८ च्या विधिमंडळाच्या अहवालात ते ४० हजारांच्या खाली आले होते. गावात नोकरी नाही, माणूस तासभर गाडी हाकून कामाला जातो, दुपारी दोनला पेजर वाजला तर येणार कोण? प्राथमिक प्रशिक्षणच शंभर-दीडशे तासांच्या पुढे गेलंय. ते कमी करा असं कोणी म्हणणार नाही. टेक्ससमधल्या वेस्ट गावात १७ एप्रिल २०१३ ला खताच्या कोठाराला लागलेली आग विझवायला गेलेले व्हॉलंटियर स्फोटात सापडले. १५ जण गेले, त्यात बहुतेक मदतीला धावलेलेच होते. प्रशिक्षण हवंच, आणि त्याला वेळ देऊ शकणारी माणसं कमी होत चालली आहेत. ग्रँटने जाहिरातीचे फलक येतात, कामावरची सुट्टी येत नाही.

ग्रँट मंजूर झाली. आता?

अभिनंदन, आणि खरेदीला लगेच धावू नका. मंजुरीच्या आधी घेतलेल्या सामानाचे पैसे मिळत नाहीत. मंजुरीनंतरही पत्र नीट वाचा: मागितलेल्या दहापैकी आठच मान्य झाले असतील.

खरेदी केंद्राच्या नियमांनी करायची. कोटेशन मागवून, कागद ठेवून. चीफच्या मेव्हण्याचं दुकान असेल तर चीफनी त्या निर्णयातून बाहेर राहायचं आणि तसं इतिवृत्तात लिहायचं. लहान गावात प्रत्येक जण कोणाचा तरी मेव्हणा असतो, म्हणून हे लाजून टाळू नका.

दुसरं, ग्रँट आली म्हणून टाउनने आपला नेहमीचा पैसा काढून घ्यायचा नाही. आधीच्या दोन वर्षांच्या सरासरी खर्चाच्या किमान ८० टक्के स्थानिक खर्च चालू राहिला पाहिजे. टाउनचा कारभार बघणाऱ्या सिलेक्टमन किंवा सुपरवायझर मंडळींना हे अर्ज करण्याआधी सांगा, नंतर नाही. वर्षभरात केंद्राचा मिळून दहा लाख डॉलरचा खर्च झाला तर वेगळं ऑडिट लागतं. पूर्वी ही मर्यादा साडेसात लाख होती. एवढ्यापर्यंत लहान दल सहसा पोचत नाही, गाडी घेतली तरच. कागद शेवटच्या अहवालानंतर तीन वर्षं जपायचे.

मी एच-वन-बी वर आहे. दलात काम करू शकतो का?

दल ना-नफा किंवा सरकारी असेल आणि काम खरोखर बिनपगारी असेल तर सर्वसाधारणपणे अडचण येत नाही. अडचण येते ती ‘कॉलमागे पंधरा डॉलर’ अशा मानधनाने. रक्कम किरकोळ असली तरी तो मोबदला धरला जाऊ शकतो. भरतीच्या ग्रँटमधून मिळणारे लाभही याच खात्यात. सामील होण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाका आणि दलाला लेखी कळवा की मला काहीही देऊ नका. काही राज्यांत, काही दलांत नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची अटही असते.

आगीत जायचंच असं नाही. बहुतेक दलांत प्रशासकीय सभासद घेतात. आईला फोनवर सांगताना तेवढं स्पष्ट करा, नाहीतर तिला महिनाभर झोप लागायची नाही.

आमचं महाराष्ट्र मंडळ दलाला देणगी देऊ शकतं का?

मंडळ आणि दल दोन्ही करमुक्त नोंदणीचे असतील तर सहसा काहीच आडकाठी नाही. मंडळाच्या घटनेत बसतं का तेवढं बघा. आरतीनंतर पेटी फिरवण्यापेक्षा एखादी ठरावीक वस्तू देणं बरं: दोन थर्मल कॅमेरे, किंवा ५ टक्क्यांचा हिस्सा. तशी हमी अर्जाआधी लेखी मिळाली तर दल तो हिस्सा अर्जात आत्मविश्वासाने दाखवू शकतं.

महाराष्ट्रातल्या माझ्या गावाला असं काही मिळेल?

याच रूपात नाही. आपल्याकडे अग्निशमन हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीप्रमाणे नगरपालिकांचं काम. खेड्यात उसाचा फड पेटला तर तालुक्याच्या नगरपरिषदेची, एमआयडीसीची किंवा साखर कारखान्याची गाडी येते, आणि ती येईपर्यंत लोक बोअरचं पाणी आणि झाडांचे डहाळे घेऊन भिडतात. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना काढली, पण तो पैसा राज्य सरकारांना जातो, बहुतेक राज्यांना स्वतःचे २५ टक्के घालावे लागतात. गावच्या तरुण मंडळाने थेट अर्ज करावा अशी खिडकी त्यात नाही.

अर्ज फेटाळला गेला. कारण कळतं का?

थोडक्यात कळतं. बहुतेकांना सांगण्यासारखं एवढंच असतं की गुण कमी पडले. कोणत्या टप्प्यावर, हे मात्र पाहा. संगणकाच्या चाळणीतच गळला असाल तर मागणीच चुकीची होती. भाषा सुधारून उपयोग नाही, वस्तू बदला. वाचकांपर्यंत पोचून मागे पडला असाल तर मजकूर आणि आकडे पुन्हा तपासा. सलग दोन-तीन वर्षं नाकारलं जाणं अजिबात असाधारण नाही. जुना अर्ज तारीख बदलून परत पाठवू नका, गिअर दरम्यान एक वर्षाने म्हातारा झालेला असतो.

नोकरी बदलून मी दुसऱ्या गावी निघालो तर?

निघण्याआधी सॅम आणि फेमा गो या दोन्ही ठिकाणी दुसऱ्या कोणाला तरी पूर्ण अधिकार देऊन जा. सॅमवरचा एकमेव प्रशासक गाव सोडून गेला, त्याचा ईमेल बंद झाला, तर नव्या माणसाला ताबा मिळवण्यासाठी दलाच्या लेटरहेडवर नोटरी केलेलं पत्र पाठवून वाट बघावी लागते, आणि बहुधा त्याच आठवड्यात खिडकी उघडलेली असते. गिअरच्या तारखांची यादी, कोटेशन, मागच्या अर्जांच्या प्रती आणि कॉलची एक्सेल शीट तुमच्या लॅपटॉपवर ठेवू नका. स्टेशनातल्या कॉम्प्युटरवर ठेवा, त्याचा पासवर्ड चीफ आणि ट्रेझरर दोघांनाही माहीत असू द्या.